ओझोनच्या पाण्याचा गुण येईनासा झाला तर कुठे काय तपासायचं

तक्रार जवळपास नेहमी एकाच चालीची असते. ओझोन, म्हणजे जंतू आणि वास मारणारा वायू, पाण्यात मिसळून देणारं मशीन नवं असताना ओटा लख्ख, चॉपिंग बोर्डाचा वास गायब, फिनाईलचा खर्च वाचला म्हणून घरातले खूश. मग हळूहळू कुरकुर सुरू होते. मासे केले की ओट्याचा वास जात नाही, फरशी पायाला चिकट लागते, सकाळी पुसलेला बोर्ड संध्याकाळी परत कुबट. दुरुस्तीवाला येतो, एखादी नळी बदलतो, आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे. शेवटी कुणीतरी म्हणतं, मशीन बाद झालं. दुसरं कुणीतरी म्हणतं, ओझोन हे मुळातच थोतांड.

घरं, पोळीभाजी केंद्रं, लहान दवाखाने अशा ठिकाणी ही यंत्रं बसवणं आणि दुरुस्त करणं हेच माझं रोजचं काम. ओझोन थोतांड नाही. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी तो वापरला गेला आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये खाद्यपदार्थांवर वापरायला वायुरूप आणि पाण्यात विरघळलेल्या ओझोनला मान्यता दिली. मशीनही बहुतेक वेळा ठीकच असतं. बिघाड असतो तो मशीनचं तोंड आणि ओट्याचा पृष्ठभाग यांच्या मधल्या वाटेवर. ओझोन तयार होतो त्या क्षणापासून तो संपत असतो. आपण त्याला वाटेत किती वेळ, किती उष्णता आणि किती घाण भेटवतो यावर पुढचं सगळं ठरतं.

आपल्याकडे घरगुती वापरात साधारण तीन तऱ्हेची यंत्रं दिसतात. एक, भाजी धुण्याचं डबा-मशीन, ज्याच्या नळीला हवेचा दगड (बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र तुकडा) लावून तो पाण्यात सोडायचा. दोन, सिंकशेजारी भिंतीवर बसवलेलं, नळाच्या वाहत्या पाण्यात व्हेंच्युरीने, म्हणजे अरुंद गळ्याच्या जोडाने, ओझोन ओढून मिसळणारं. तीन, विजेने थेट पाण्यातूनच ओझोन काढणारी स्प्रेची बाटली किंवा नळाला लागणारा जोड. पहिल्या दोन्हींत हवेवर उच्च दाबाची वीज सोडून ओझोन बनतो, तिसऱ्यात पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे वीज सोडणाऱ्या धातूच्या जाळीवर. आपलं कुठलं हे आधी ओळखा, कारण पावसाळ्यात पहिली दोन दगा देतात आणि बोअरच्या पाण्यात तिसरं.

आधी पट्टी, मग पान्हा

मशीन उघडण्याआधी ओझोनच्या रंगपट्ट्यांची एक डबी आणा. पट्टी तीन जागी लावायची: मशीनच्या तोंडाशी निघणाऱ्या पाण्यात, ज्यात साठवता त्या बादलीत किंवा बाटलीत, आणि शेवटी ओट्यावर शिंपडलेल्या ओलाव्यात. तोंडाशी रंग गडद आणि बादलीत फिका असेल तर मशीनला हात लावू नका, दोष वापराच्या पद्धतीत आहे. तोंडाशीच फिका असेल तर पाणी, दाब, दमट हवा, रबर यांच्याकडे वळायचं.

इथे एक चकवा आहे आणि त्यात भलेभले फसतात. बाजारातल्या बऱ्याच पट्ट्या डीपीडी रसायनाच्या असतात आणि त्या क्लोरीनलाही रंग देतात. नळाला येणाऱ्या पाण्यात उरलेला क्लोरीन असतोच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असं म्हटलं आहे. म्हणजे मशीन बंद असलं तरी पट्टी रंगू शकते. म्हणून पहिली पट्टी नेहमी मशीन बंद ठेवून, साध्या नळाच्या पाण्यात बुडवा. मग मशीन सुरू करून दुसरी. फरक दिसला तर तो ओझोनचा. खात्री करायची असेल तर तेच पाणी भांड्यात उघडं ठेवून तासाभराने पुन्हा तपासा. ओझोन तोवर बहुतेक उडालेला असतो, क्लोरीन मागे राहतो. इंडिगो या निळ्या रंगद्रव्यावर चालणाऱ्या चाचण्या या बाबतीत जास्त भरवशाच्या, पण महाग.

विक्रेते पेनसारखं एक मीटर बुडवून ‘बघा, आठशे मिलिव्होल्ट’ असं दाखवतात. तो ओआरपी मीटर. पाण्याची ऑक्सिडीकरणाची ओढ किती हे तो सांगतो, लिटरमागे किती मिलिग्रॅम ओझोन आहे हे नाही. आजचा आकडा कालच्यापेक्षा घसरला का एवढ्यापुरता तो ठेवायला हरकत नाही. त्यावरून ‘आता सगळे जंतू मेले’ म्हणणं चुकीचं.

भरून ठेवलेली बादली

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

ठाण्यातल्या एका पोळीभाजी केंद्रातल्या मावशींचा निरोप होता, ‘दादा, पाण्यात दम राहिला नाही, मशीन बदलून द्या.’ मशीन स्वयंपाकघराच्या एका टोकाला, कामाचे ओटे दुसऱ्या टोकाला. सकाळी सात वाजता मशीन लावून दोन बादल्या भरायच्या आणि त्या दुपारच्या डब्यांपर्यंत पुरवायच्या, अशी त्यांनी बसवलेली शिस्त. कामाच्या दृष्टीने शिस्त चोख होती. तोंडाशी पट्टी गडद रंगली. बादलीतल्या पाण्यात दुसरी धरली तर रंग जेमतेम उमटला. फडका पिळून पडलेल्या पाण्यात तिसरी धरली, ती कोरीच राहिली. मावशी त्या पट्ट्या हातात घेऊन उजेडाला धरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी इतके दिवस नुसत्या पाण्याने पुसतेय?’ तर, हो.

आकडे असे. स्वच्छ, पीएच ७ च्या आसपासच्या (ना आम्ल, ना अल्क अशा) पाण्यात २० अंश सेल्सिअसला ओझोन सुमारे २० मिनिटांत निम्मा होतो. २५ अंशांना १५ मिनिटांत, ३० अंशांना १२ आणि ३५ अंशांना ८ मिनिटांत. ३० अंशांचं पाणी धरलं तर तासाभरात तो पाच वेळा निम्मा झाला, म्हणजे बत्तिसावा हिस्सा उरला. आणि हे शुद्ध पाण्याचे आकडे आहेत. आपल्या नळाच्या पाण्यात, त्यातून आधीच वापरलेल्या बादलीत, तो याहून लवकर जातो. बादलीत फडका एकदा बुडवून पिळला की त्या फडक्यातलं पीठ, तेल, मळ उरलेला ओझोन खाऊन टाकतं.

झाकण घट्ट लावून किंवा फ्रिजमध्ये ठेवून भागतं का, असं विचारतात. थंडीने वेग कमी होतो, थांबत नाही. स्प्रे बाटलीत भरून आठवडाभर ठेवलेलं ‘ओझोन वॉटर’ म्हणजे साधं पाणी, दुसरं काही नाही.

तोडगा सोपा, सवय मोडणं अवघड. बादली भरायचीच नाही. जिथे काम तिथे मशीन आणा किंवा मशीनच्या तोंडाला ओझोन सोसणारी नळी जोडून ती ओट्यापर्यंत न्या. नळी शक्य तितकी आखूड ठेवा. बाटली वापरत असाल तर एका ओट्यापुरतं, पाच मिनिटांत संपेल एवढंच पाणी काढा. फडका बाटलीत किंवा बादलीत बुडवू नका. पाणी पृष्ठभागावर शिंपडा, ते अर्धा-एक मिनिट ओलं राहू द्या, मग स्वच्छ, कोरड्या फडक्याने टिपा. बरेच जण एका हाताने शिंपडतात आणि दुसऱ्या हाताने लगेच पुसतात. ओझोन वेगवान असला तरी त्याला पृष्ठभागाला चिकटायला काही क्षण तर द्यायला हवेत.

शिंपडण्याचा फवारा धुक्यासारखा बारीक ठेवू नका. थेंब जितका बारीक तितका त्यातला वायू हवेत निसटतो, सोड्याची बाटली हलवून उघडल्यावर सगळा वायू निघून जातो तसा. तो ओट्यावर पोहोचत नाही आणि तुमच्या नाकात जातो. जाड थेंबांची धार किंवा फेसाळ नळाचं तोंड बरं.

चिकट फरशी, तेलकट ओटा

ओझोनला जंतू आणि पोळीचा कण यांतला फरक कळत नाही. समोर जे सेंद्रिय येईल त्याच्याशी तो भिडतो आणि संपतो. फोडणीच्या तेलाचा थर असलेल्या ओट्यावर ओझोनचं पाणी टाकलं तर ते थराच्या वरच्या पापुद्र्यात खर्ची पडतं, खालचा थर तसाच. आणि तेल उचलण्याचं काम त्याचं नाहीच. ते काम साबणाचं, कारण तेलाला पाण्यात ओढणारं काही ओझोनच्या पाण्यात नसतं. ‘साबणाशिवाय स्वच्छता’ ही जाहिरात वाचून लोक भांड्याचा साबण बंद करतात आणि मग ओटा चिकट झाला म्हणून मशीनला दोष देतात.

क्रम असा ठेवा: आधी साबणाच्या पाण्याने आणि घासणीने पुसणं, मग साध्या पाण्याने साबण पूर्ण काढणं, शेवटी ओझोनचं पाणी. मधली पायरी गाळली की उरलेला साबणच ओझोन खातो. घाई असेल त्या दिवशी ओझोन गाळा, साबण गाळू नका.

फरशीची गोष्ट थोडी वेगळी. वर्षानुवर्षं फिनाईल आणि सुवासिक क्लीनरने पुसलेल्या लादीवर त्यांचा पातळ थर बसलेला असतो. ते बंद करून ओझोनचं पाणी सुरू केलं की हा थर मऊ होऊन अर्धवट सुटतो. मॉप काळा येतो, पाय चिकटतात, आणि वाटतं की नव्या पाण्यामुळे फरशी बिघडली. एकदा कोमट पाण्यात थोडा साबण घालून लादी घासून धुवा, दोन वेळा साध्या पाण्याने पुसा. चिकटपणा त्यातून गेला नाही तर थर अजून आहे, पुन्हा एकदा करा. आणि तो सुती, आठवडाभर न वाळलेला मॉप बदला. ओल्या मॉपमध्ये जे वाढलेलं असतं ते कुठल्याही ओझोनला पुरून उरेल.

माशाचा वास

माशाच्या वासातलं मुख्य द्रव्य ट्रायमेथिलअमाईन, आणि ते आम्लाने बांधलं जातं. कोकणातल्या घरांत सुरी आणि विळीला चिंच किंवा आमसूल चोळण्याची पद्धत याच कारणाने लागू पडते. तेच करा: चिंचेचं पाणी, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, मग साबण, मग भरपूर साधं पाणी, शेवटी ओझोन.

लिंबाची साल मात्र नको, आणि लिंबाच्या वासाचे क्लीनरही नकोत. हे मी जोर देऊन सांगतो. सालीतल्या तेलात लिमोनिन असतं, पांढऱ्या फिनाईलमध्ये पाईन तेल असतं. ही टर्पिन गटातली द्रव्यं हवेत ओझोनला भेटली की त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. दोन्ही फुप्फुसाला वाईट. ‘फिनाईलने पुसून वरून ओझोन मारलं, डबल सफाई’ असं कौतुकाने सांगणारी घरं मला भेटतात आणि तिथे डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो ही तक्रारही हमखास असते. फिनाईल किंवा ओझोन, एका वेळी एकच. फिनाईल वापरलं असेल तर त्या दिवशी ओझोनला सुट्टी. ब्लीचसोबतही तेच. दोघं एकमेकांना संपवतात, पदरात काही पडत नाही.

सगळं करूनही सकाळी वास परत येत असेल तर ओटा सोडा आणि मोरीची जाळी उचला. वास बहुतेक वेळा तिथून येत असतो. जाळीच्या खालच्या बाजूला आणि पाइपच्या तोंडाशी जो बुळबुळीत थर असतो, तो जंतूंनी स्वतःभोवती विणलेला असतो. ओझोनचं पाणी त्याच्या वरच्या थरापलीकडे जात नाही. जुन्या टूथब्रशने खरवडल्याशिवाय इलाज नाही. शिवाय ओझोनचा असर मागे उरत नाही. क्लोरीन थोडा वेळ पहारा देतो, ओझोन देत नाही. पुसून झालेल्या ओट्यावर तासाभराने कच्चं मांस ठेवलं तर ओटा पुन्हा पहिल्यासारखाच घाण.

पाणी गरम, पाणी जड

एप्रिल-मेमध्ये तक्रारी वाढतात आणि त्या दुपारच्या कामाच्याच असतात. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. गरम पाण्यात ओझोन विरघळतोच कमी, आणि विरघळलेला टिकतोही कमी. म्हणजे दुहेरी मार. ओझोनचं काम सकाळी उरका, किंवा महापालिकेची थेट लाइन असेल तर तिचं पाणी घ्या. दुपारी पट्टी फिकी आणि पहाटे गडद येत असेल तर कारण हेच, दुरुस्तीवर पैसे घालवू नका.

बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर विजेने पाण्यातूनच ओझोन काढणाऱ्या बाटल्या लवकर मान टाकतात. पाण्यातलं कॅल्शियम इलेक्ट्रोडवर पांढऱ्या खपलीसारखं बसतं. बाटली पालथी करून टॉर्चने आत बघा, जाळीवर चुन्यासारखा थर दिसेल. किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात चमचाभर घालून ते बाटलीत मशीन बंद ठेवून अर्धा तास राहू द्या, मग दोन-तीन वेळा धुवा. खपली सुरीने खरवडू नका, इलेक्ट्रोडवरचा लेप निघाला तर बाटली कायमची गेली. पाणी खारट असेल तर या बाटल्यांतून क्लोरीनचा, जलतरण तलावासारखा वास येतो, कारण क्षारातला क्लोराईडही इलेक्ट्रोडवर फुटतो. अशा वेळी आरओचं पाणी घेतो म्हणणाऱ्यांनी आधी माहितीपत्रक वाचावं. काही बाटल्यांना थोडे क्षार लागतात, नाहीतर वीजच वाहत नाही. नळाचं आणि आरओचं पाणी अर्धं-अर्धं घालून बघा आणि पट्टी काय म्हणते ते ऐका.

कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असतं. ते विरघळलेलं असेपर्यंत पाणी स्वच्छ दिसतं. ओझोन मिसळला की लोह गंजून तांबूस गाळ होतो आणि पांढऱ्या टाइल्सवर, बेसिनवर तपकिरी ओघळ उमटतात. लोकांना वाटतं मशीनमधून गंज येतोय. मँगनीज असेल तर डाग काळपट. इथे ओझोन आपलं काम चोख करतोय, फक्त चुकीच्या जागी. आधी लोह काढणारा फिल्टर, मगच ओझोनचं मशीन.

वरच्या मजल्याचा प्रश्न

भिंतीवरच्या मशीनमध्ये व्हेंच्युरी असते. पाणी अरुंद गळ्यातून जोरात गेलं की बाजूच्या नळीतून ओझोन ओढला जातो. जोर नसेल तर ओढ नाही, आणि मशीनचा दिवा मात्र हिरवा. टाकीपासून दहा मीटर खाली आलं की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर तीन मीटर असेल तर तो ०.३ किलो, आणि तेवढ्यावर बहुतेक व्हेंच्युरी ओढत नाहीत. तपासणी अशी: मशीन बंद करून, प्लग काढून, ओझोनची नळी मशीनच्या बाजूने सोडवा, तिचं मोकळं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवा आणि नळ पूर्ण उघडा. पेल्यातलं पाणी वर चढलं तर ओढ आहे. चढलं नाही तर आधी नळाची जाळी आणि व्हेंच्युरीचा गळा साफ करा, तरी नाही तर लहान प्रेशर पंप लागेल. नवं मशीन घेऊन उपयोग नाही, तेही असंच बसून राहील.

पावसाळा आणि एक छोटं रबर

जून ते सप्टेंबर हवेवर चालणाऱ्या मशीनांचा वाईट काळ. दमट हवेतून ओझोन कमी बनतो, आणि हवेतला नायट्रोजन व बाष्प मिळून इलेक्ट्रोडवर नायट्रिक आम्लाचे पिवळसर-पांढरे ओघळ बसवतात. मोठ्या प्रकल्पांत हवा उणे साठ अंश दवबिंदूपर्यंत, म्हणजे तेवढ्या थंडीपर्यंत तिच्यात दव धरणार नाही इतकी, कोरडी करून मगच विजेखाली नेतात. आपलं मशीन मुंबईची जुलैतली हवा तशीच आत ओढतं.

मशीनच्या हवेच्या तोंडाशी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची नळी लावता येते. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा केशरी दाणे हिरवे झाले, की ओल धरली समजा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये वाळवू नका, नवे घ्या. मशीन सिंकच्या खालच्या कपाटात असेल तर तिथून बाहेर काढा. घरातली सर्वांत दमट जागा तीच. ओझोन बनवणारी आतली ट्यूब मात्र स्वतः उघडू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ झटका बसू शकतो.

ज्याचं नाव कुणी घेत नाही पण जे सर्वांत जास्त मशीनं मारतं ते म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, ओझोनच्या नळीतला तो शेंगदाण्याएवढा तुकडा. मशीन बंद झाल्यावर पाणी नळीतून उलटं चढून वीज असलेल्या ट्यूबमध्ये जाऊ नये म्हणून तो असतो. त्यातली पापडी साध्या किंवा नायट्राईल रबराची असेल तर ओझोन तिला तडकवतो. सोडवून बोटांत वाकवून पाहा. चांगलं रबर वाकताना गुळगुळीत दिसतं. ओझोन लागलेल्या रबरावर ताणाच्या आडव्या दिशेने केसासारख्या बारीक समांतर भेगा उघडतात आणि आणखी वाकवलं की कडेचा तुकडा हातात येतो. अशी पापडी पाणी अडवत नाही. बदलताना सिलिकॉन, ईपीडीएम किंवा व्हायटॉनची मागा, नळी टेफ्लॉन किंवा सिलिकॉनची. दुकानातली फिशटँकची स्वस्त नळी आणि व्हॉल्व्ह लावून ‘तेच आहे’ म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. ‘नळी बदलली की आठवडाभर बरं वाटतं’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. डबा-मशीन असेल तर आणखी एक करा: मशीन पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. काम झालं की आधी दगड पाण्याबाहेर काढा, मगच बटण बंद करा.

खोलीत वास येतोय म्हणजे छान चाललंय?

नाही. हा गैरसमज विकणाऱ्यांनीच पसरवला आहे. ओझोनचा वास पाण्यातून निसटलेल्या ओझोनचा असतो, आणि निसटलेला ओझोन ओटा नव्हे, तुमची श्वासनलिका साफ करत असतो. कामाच्या जागी हवेतली सर्वसाधारण मर्यादा ०.१ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग, धरतात. आता हिशोब करा. दहा फूट बाय आठ फूट, दहा फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे साधारण २२ घनमीटर हवा. त्यात ०.१ पीपीएम व्हायला जेमतेम साडेचार मिलिग्रॅम ओझोन पुरतो. तासाला ४०० मिलिग्रॅम लिहिलेलं डबा-मशीन दहा मिनिटांत ६७ मिलिग्रॅम बनवतं. त्यातला दहावा हिस्सा जरी पाण्यात न विरघळता बुडबुड्यांतून वर आला तरी बंद खोलीत मर्यादा ओलांडली. उथळ बादलीत, जाड बुडबुड्यांत तर त्याहून कितीतरी जास्त वाया जातो. भिंतींवर, कपड्यांवर आदळून तो विरतो हे खरं, पण तोवर तुम्ही श्वास घेतच असता.

म्हणून खिडकी उघडी, एक्झॉस्ट सुरू, आणि बादलीऐवजी उंच, अरुंद भांडं. बुडबुड्यांना जितका लांब प्रवास, तितका ओझोन पाण्यात जास्त विरघळतो. दगडाची भोकं बारीक हवीत. जुना दगड चुन्याने बुजून मोठे बुडबुडे सोडत असेल तर तो बदला, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचा बदल आहे. नाकावर विसंबू नका, ते काही मिनिटांत या वासाला सरावतं. बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. घरात दम्याचं माणूस, तान्हं मूल किंवा पिंजऱ्यात पाखरं असतील तर काम बाल्कनीत करा. खोकला, छातीत आवळल्यासारखं वाटणं, डोळे चुरचुरणं असं काही झालं तर मशीन लगेच बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टर.

कुठे वापरूच नये

देवघरातली पितळी-तांब्याची भांडी काळवंडतात. फ्रिजच्या दाराचं रबर, मिक्सरच्या भांड्याची रिंग वारंवार भिजवू नका, वर सांगितलेल्या पापडीसारखीच ती तडकतील. रंगीत कपड्यांवर उडू देऊ नका. पावसाळ्यात भिंतीला आलेली बुरशी वरून पुसली तरी ओल आहे तोवर ती येतच राहणार, आधी गळती शोधा. दवाखान्यात रक्त सांडलेली जागा किंवा आजारी माणसाची उलटी यासाठी सोडियम हायपोक्लोराइटच, तिथे ओझोनचे प्रयोग नकोत.

दुरुस्तीवाल्याला बोलावताना

‘मशीन चालत नाही’ एवढंच सांगितलं की तो पार्ट बदलून जातो. त्याऐवजी हे सांगा: मशीन बंद असताना पट्टीचा रंग कसा, सुरू असताना तोंडाशी कसा, पाणी महापालिकेचं की बोअरचं, मजला कितवा, पेल्यातलं पाणी वर चढलं की नाही, आणि तक्रार दुपारची की सकाळचीही. यातल्या अर्ध्या उत्तरांवरच फोनवर निदान होतं आणि फेरीचे पैसे वाचतात. तो आलाच तर त्याच्यासमोर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडायला लावा, पापडी तुमच्या हातात घेऊन वाकवून बघा, आणि काम झाल्यावर तोंडाशी पट्टी लावून रंग दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.